मेकॅनिकला वरचे पैसे: द्यायचे का, कोणाच्या हातात आणि किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात घराजवळच्या गॅरेजात तुम्ही हॅचबॅकची क्लच प्लेट बदलून घेतली. बिल ९,८०० रुपये झालं. दोन मुलं रात्री नऊपर्यंत गाडीखाली होती. बिल चुकतं केल्यावर त्यांना वेगळं काही द्यायला हवं होतं का, दिलं तर बिलाच्या किती टक्के, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही हाच रिवाज आहे का? शिवाय आधीच काही हातावर ठेवलं तर काम जास्त मन लावून होतं का?

आधी सरळ उत्तर देतो. आपल्याकडे मेकॅनिकला टिप देण्याची सक्ती नाही आणि तशी अपेक्षाही नाही. तुम्ही काही न देता गाडी घेऊन गेलात म्हणून कोणी मनात ठेवलेलं नसेल. पण तुमच्या कामात देणं योग्य आहे, आणि उशीरही झालेला नाही. दोघांत मिळून ४०० ते ५०० रुपये, ज्यांनी गाडीखाली झोपून काम केलं त्यांच्याच हातात, मालकाच्या देखत. टक्केवारी विसरा. आणि आधी कधीच देऊ नका.

आता यामागची कारणं. गिऱ्हाइकाची खरी अडचण अशी असते की आपण दिलेल्या बिलातलं काय कोणाला पोचतं ते त्याला दिसत नाही. तुमच्या ९,८०० मध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट सहा हजारांच्या आसपास असेल, गिअर ऑइलचे हजारभर, आणि उरलेलं लेबर. त्या लेबरमधून जागेचं भाडं, लाइट बिल, हत्यारं आणि मालकाचा संसार चालतो. गाडीखालचा मुलगा महिन्याच्या पगारावर असतो, नाहीतर आठवड्याची उचल घेऊन काम करतो. तुमची गाडी दुपारी चारला झाली काय आणि रात्री नऊला झाली काय, त्याच्या खिशात त्या दिवशी तेवढंच पडतं. म्हणून वरचे पैसे द्यायचे असतील तर ते बिलात मिसळून उपयोग नाही.

क्लचच्या कामात काय होतं ते सांगतो, म्हणजे पैसे कशाचे द्यायचे ते लक्षात येईल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत बॅटरी आणि तिचा ट्रे काढावा लागतो, गिअर ऑइल रिकामं करावं लागतं, पुढची दोन्ही चाकं उतरवून ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांना फिरवणारे दांडे) ओढून काढायचे, गिअर केबल, स्टार्टर, माउंटिंग सोडायचं, इंजिनाला खालून आधार द्यायचा आणि मग गिअरबॉक्स सोडवून खाली घ्यायचा. तो तीस किलोच्या वर भरतो. लिफ्ट आणि गिअरबॉक्सचा जॅक असलेल्या वर्कशॉपमध्ये हे काम चार-पाच तासांचं आहे. छोट्या गॅरेजात लिफ्ट नसते. गाडी उचलून स्टँडवर ठेवतात आणि दोघं जण पाठीवर झोपून ते धूड हातांवर आणि छातीवर तोलत उतरवतात. चढवताना त्रास जास्त, कारण गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या दांड्याचे, म्हणजे इनपुट शाफ्टचे, दाते क्लच प्लेटच्या मधल्या भोकात बरोबर शिरले पाहिजेत. प्लेट अलाइनर लावून मध्यावर धरली नसेल तर नुसत्या ढकलाढकलीतच अर्धा तास जातो.

काम उरकणारा आणि काळजीने करणारा यांच्यातला फरक इथेच पडतो. चांगला कारागीर फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चकतीवर, तापून पडलेले निळे डाग आणि बारीक भेगा आहेत का ते बघतो. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या ऑइल सीलमधून तेल पाझरतंय का बघतो. गिअरबॉक्स खाली असताना ते सील थोडक्यात बदलून होतं, नंतर बदलायचं तर सगळी उस्तवार पुन्हा. शाफ्टच्या दात्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवतो, कारण जास्त झालेलं ग्रीस उडून प्लेटवर गेलं की गाडी पहिल्या गिअरमध्ये थरथरायला लागते. बिलावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. वरचे पैसे या काळजीचे असतात. नुसता उशीर झाला एवढ्यावर देऊ नका. उशीर कधी कधी सेट दुकानातून वेळेवर न आल्यामुळेही होतो. पण तुम्हाला सकाळी गाडी हवी होती म्हणून ती मुलं थांबली असतील तर ती गोष्ट मोजायलाच हवी.

टक्क्यांचा हिशोब गाडीच्या कामाला का लागू पडत नाही ते दोन टोकांच्या कामांवरून कळेल. हेडलॅम्पची अख्खी असेंब्ली बदलायची तर बिल १५-२० हजारांपर्यंत जाऊ शकतं आणि काम तासाभराचं. याउलट रात्रभर उभी केली की बॅटरी उतरते, ही तक्रार घ्या. ती शोधायला बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत मीटर जोडायचा, दाराचं लॉक लागल्यासारखं करून ठेवायचं, आणि गाडीतली सगळी कंट्रोल युनिटं झोपी जाईपर्यंत वीस-तीस मिनिटं हात न लावता बसायचं. मग मीटरवर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा यायला हवा. तो ३०० दाखवत असेल तर एकेक फ्यूज उपसत जायचं, आणि ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वायरिंगचा माग काढायचा. पुष्कळदा शेवटी बाहेरून बसवलेला कॅमेरा नाहीतर म्युझिक सिस्टिम सापडते. अर्धा दिवस जातो, एकही पार्ट लागत नाही, आणि छोट्या गॅरेजात बिल होतं सात-आठशे. दहा टक्के म्हटलं तर हेडलॅम्पवाल्याला दीड-दोन हजार आणि या माणसाला ७५ रुपये! अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून १५-२० टक्क्यांचं ऐकून काही जण तेच इथे लावू बघतात. तो तिथल्या रेस्टॉरंटांचा रिवाज; गाडीच्या वर्कशॉपमध्ये तिथेही टक्केवारीने टिप देण्याची पद्धत नाही.

म्हणून वेळ आणि कष्ट बघा. ऑइल-फिल्टर, ब्रेक पॅड, एअर फिल्टर अशी दीड-दोन तासांची कामं: काही देण्याची गरज नाही, वाटलं तर हेल्परला ५० रुपये. सस्पेन्शन, क्लच, कूलिंगची मोठी कामं, म्हणजे जिथे माणूस चार तासांच्या वर राबला: प्रत्येकी २०० ते २५०. हेड गॅस्केट किंवा इंजिन उघडण्याचं दोन-चार दिवसांचं काम असेल तर मुख्य कारागिराला ५०० ते १,००० आणि हेल्परला त्याच्या निम्मे. हे आकडे पुणे-ठाण्यासारख्या शहरांचे धरा. तालुक्याच्या गावी कमी दिले तरी चालतात. आणि वायरिंगचा छुपा दोष शोधणाऱ्याला, बिल कितीही छोटं असलं तरी, मोठ्या कामाइतकंच द्या.

गॅरेजचा मालक स्वतःच मेस्त्री असेल तर त्याला टिप देऊ नका. त्याची कमाई लेबरमध्ये आणि पार्टच्या मार्जिनमध्ये आहे, आणि दर त्यानेच ठरवलेला आहे. त्याच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बिल त्याच दिवशी पूर्ण मिळणं. उधारी हा छोट्या गॅरेजवाल्यांच्या गळ्याचा फास आहे. पार्टचे पैसे त्याने दुकानदाराला आधीच मोजलेले असतात आणि गिऱ्हाईक ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून गाडी घेऊन जातं.

याला जोडूनच एक गोष्ट मी फार वेळा बघतो. गिऱ्हाईक लेबरवर घासाघीस करतं, पाचशे रुपये कमी करून घेतं आणि जाताना मुलाला शंभराची नोट देतं. मुलगा सगळं ऐकत असतो. लेबर जास्त वाटत असेल तर काम सुरू होण्याआधी विचारा, दुसऱ्या गॅरेजचा भाव घ्या. काम झाल्यावर लेबर कापून वर बक्षीस देण्यापेक्षा पूर्ण लेबर देऊन टिप न देणं कितीतरी बरं.

उलटा प्रसंगही येतो. कारागीर बॉनेट उघडतो, सैल झालेला होज क्लॅम्प आवळतो किंवा सुटलेलं सॉकेट बसवतो आणि म्हणतो, ‘राहू द्या, त्याचे काय पैसे.’ किंवा आपला नेहमीचा मोघम आकडा, ‘द्या काय द्यायचं ते.’ पहिल्या वेळी ५० रुपये चहाचे म्हणून द्या. नाहीच घेतले तर आग्रह करू नका, त्याने ते नातं जोडायला केलेलं असतं. दुसऱ्या वेळी मात्र आकडा विचारून घ्या. तो सांगत नसेल तर वेळ मोजा: छोट्या गॅरेजात अर्ध्या तासाच्या कामाचे १५० ते २०० रुपये, आणि घरी किंवा रस्त्यावर आला असेल तर येण्या-जाण्याचे वेगळे. ही त्याची मजुरी आहे. तिला टिप समजून कमी-जास्त करू नका.

आधी पैसे देण्याबद्दल. दिले तर काम सुधारत नाही, रांग मोडते. तुमची गाडी दुसऱ्याच्या आधी घेतली जाते, म्हणजे कोणाची तरी अर्धवट सोडली जाते. उद्या दुसऱ्या कोणी जास्त दिले की तुमची सुटेल. शिवाय मालकाच्या नकळत नोट सरकवलेली दिसली की त्याला वाटतं, पोरगा गिऱ्हाइकांची कामं परस्पर घरी जाऊन करतो. त्यात नोकरी जाते ती त्या मुलाची. म्हणून मी ‘मालकाच्या देखत’ म्हणालो. ‘तुमच्या पोरांनी काम चांगलं केलं, त्यांना चहाला देतोय,’ एवढं मोठ्याने म्हटलं की संशयाला जागा राहत नाही, आणि पगारवाढीच्या वेळी ते वाक्य मालकाच्या लक्षात असतं.

द्यायची योग्य वेळ कामावर ठरते. छोटं काम असेल तर ट्रायल मारून लगेच. क्लचसारखं काम असेल तर मी म्हणेन, आठवड्याने. कारण त्यातल्या चुका उशिरा बाहेर येतात. आता तुम्ही एवढं करा. कारागिराला शेजारी बसवून गाडी चालवा. चढावर पहिल्या गिअरमध्ये हळू क्लच सोडताना थरथर येते का बघा. गाडी पूर्ण थांबवून, क्लच पूर्ण दाबून, दोन-तीन सेकंदांनी रिव्हर्स टाका. तरीही दात घासल्याचा आवाज आला तर क्लच नीट सुटत नाहीये. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा: ड्राइव्ह शाफ्ट काढताना त्याच्या सीलची कड दुखावली असेल तर सकाळी पुठ्ठ्यावर गिअर ऑइलचा जाड, उग्र वासाचा थेंब दिसेल. हे ऑइल सगळं मिळून दोन-अडीच लिटरच असतं आणि गाडीत त्याची सूचना देणारा दिवा नसतो, त्यामुळे गळती दुर्लक्षित राहिली तर गिअरबॉक्स कोरडा पडून बेअरिंगं जातात. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासून घ्यायला गॅरेजात जा, आणि तेव्हा पैसे द्या. त्या निमित्ताने तीच मुलं गाडीखाली पुन्हा एक नजर टाकतात. गळती निघाली तर ती फुकट दुरुस्त करणं त्यांचं कामच आहे; तेव्हा वरचे पैसे देऊ नका. दोष दुसऱ्याचा आणि निस्तरणारा वेगळा असेल तर मात्र त्या निस्तरणाऱ्याला द्यायला हरकत नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा हिशोब वेगळा. तुमच्याशी बोलतो तो सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. गाडीला हात लावतो तो टेक्निशियन, आणि तो पुष्कळदा तुम्हाला दिसतही नाही. अ‍ॅडव्हायझरला टिप नको. त्याला बऱ्याच ठिकाणी इंजिन फ्लश, एसीची फवारणी, कोटिंग अशा जोडकामांवर इन्सेन्टिव्ह असतो, आणि तो तुमच्याच बिलातून गेलेला असतो. टेक्निशियनला द्यायचं असेल तर आधी भिंतीवरची पाटी वाचा. अनेक डीलरांकडे टिप घ्यायला मनाई असते, कामाच्या जागी कॅमेरे असतात, आणि तुमच्या शंभर रुपयांपायी त्याला मेमो मिळू शकतो. आयटीआयची दोन वर्षांची मोटर मेकॅनिकची ट्रेड करून आलेले शिकाऊ उमेदवारही तिथे स्टायपेंडवर असतात. त्यांची चूक काढायला वरचे टपलेलेच असतात.

तिथे पैशांपेक्षा नाव जास्त कामाला येतं. जॉब कार्डवर किंवा बिलावर टेक्निशियनचं नाव नसेल तर अ‍ॅडव्हायझरला विचारून घ्या. काही दिवसांत फीडबॅकचा फोन येतो, तेव्हा काम खरोखर चांगलं असेल तर १० द्या. आपल्याला ८ म्हणजे चांगले गुण वाटतात, पण बऱ्याच कंपन्यांच्या मोजणीत ९ आणि १० च जमेला धरतात, खालचं सगळं वाया. काम वाईट असेल तर आधी वर्क्स मॅनेजरला सांगा, दुरुस्त करून घ्या, मग गुण द्या. आणि ‘सर, १० द्या, नाहीतर पगार कापतात’ अशी विनवणी आली तरी नीट न झालेल्या कामाला १० देऊ नका. वॉरंटीचं काम लवकर मंजूर व्हावं म्हणूनही कोणाला काही देऊ नका. ते फोटो, पार्ट नंबर आणि सर्व्हिसची नोंद बघून कंपनीकडून ठरतं, समोरच्या माणसाच्या हातात ते नसतं.

काही ठिकाणी टिप हा शब्दच चालत नाही. अपघाताच्या क्लेमसाठी येणारा सर्व्हेअर विमा नियामकाच्या परवान्यावर काम करतो, त्याची फी विमा कंपनी देते. त्याला दिलेले पैसे म्हणजे लाच. पीयूसीची फी ठरलेली आहे, तेवढीच द्या. आणि ‘बिल नको घेऊ साहेब, जीएसटी वाचेल, त्यातले पोरांना द्या’ या बोलण्याला भुलू नका. सप्टेंबर २०२५ पासून पार्ट आणि लेबर दोन्हींवर १८ टक्के जीएसटी आहे, हे खरं. पण बिल नसेल तर पार्टची वॉरंटी गेली आणि उद्या ग्राहक आयोगात उभं राहायला पुरावाही गेला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हा अनुचित व्यापारी प्रथेचा भाग धरलेला आहे. सेवा देणाऱ्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून छोट्या गॅरेजचं बिल बिनजीएसटीचं असू शकतं. तरी तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि पार्टची नावं लिहिलेली साधी पावती घ्याच.

रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मात्र हात सैल सोडा. रात्री अकरा वाजता एक्सप्रेस वेवर किंवा घाटात येऊन जो माणूस ट्रकांच्या वाऱ्यात उभा राहून चाक बदलतो, त्याला १०० ते २०० रुपये सहज द्यावेत. रोडसाइड असिस्टन्सच्या पॅकेजात सेवा फुकट असेल तरीही. फक्त त्याने ‘चार्ज’ म्हणून मागितले तर आधी हेल्पलाइनला विचारा.

पैसे देताना गॅरेजच्या भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करू नका, ते मालकाच्या खात्यात जातात. रोख द्या, किंवा त्या मुलाच्या स्वतःच्या नंबरवर पाठवा. दोघांत एक पाचशेची नोट देऊ नका; सुटे करून प्रत्येकाला वेगळे द्या, नाहीतर मोठा ठेवतो आणि हेल्पर बघत राहतो. हाताखालचं पोर १४ वर्षांच्या आतलं दिसलं तर त्याला पैसे देऊन समाधान मानू नका. एवढ्या लहान मुलाला गॅरेजात राबवणं गुन्हा आहे. मालकाला स्पष्ट विचारा, आणि ऐकत नसेल तर १०९८ वर कळवा.

गाडी नेहमी एकाच गॅरेजात जात असेल तर प्रत्येक वेळी टिपचा विचार करत बसू नका. दसऱ्याला हत्यारांची पूजा असते तेव्हा किंवा दिवाळीत, मालकाला मिठाईचा बॉक्स आणि प्रत्येक मुलाला २००-३०० रुपये दिलेत की वर्षभराचं भागलं. दारू किंवा पार्टीचे पैसे देऊ नका. उन्हाळ्यात दुपारी सगळ्यांना ताक किंवा लिंबू सरबत सांगा. वस्तूच द्यायची असेल तर नायट्राइलच्या हातमोज्यांचा १०० नगांचा डबा द्या, कारण वापरलेल्या इंजिन ऑइलने हाताची कातडी सोलते आणि छोट्या गॅरेजात हातमोजे सहसा कोणी घेत नाही. किंवा डोक्याला बांधायची चार्जिंगची बॅटरी द्या. गाडीखाली दोन्ही हात नट-बोल्टांवर असताना मोबाइल तोंडात धरून उजेड पाडणारी मुलं आजही दिसतात.